बस्ता लाईव्ह चालू आहे

"ज्याचा माल पडून ऱ्हातो त्यानं बोंबलावं," असं माझे सासरे म्हणायचे. जाहिरात म्हणजे बोंबलणं, त्यांच्याकडं दुसरा अर्थच नव्हता. मी त्यांना मामा म्हणते, आमच्याकडं सुनांनी सासऱ्यांना मामाच म्हणायचं असतं. वारंगा फाट्यावर त्यांचं कापडाचं दुकान आहे, त्यांच्या वडलांनी टाकलेलं. आसपासच्या गावांत लग्न जमलं की बस्ता बांधायला आमच्याकडं यायचं, हे इतकं पक्कं की काही लोक आधी मामांना विचारून जायचे, कोणत्या वारी गर्दी कमी असते, आणि मग सुपारी फोडायचे. अशा माणसाला जाऊन सांगायचं की मामा, आपण फोनवर दुकान दाखवू. म्हणजे वाघाला म्हणायचं, जरा वरण-भात खाऊन बघा.

शहरात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींना बस्ता म्हणजे लग्नाची खरेदी वाटते. अगं बायांनो, खरेदी एकटीनंही होते. बस्त्याला दोन्हीकडची माणसं जीप भरून येतात, चपला बाहेर काढून पांढऱ्या गादीवर मांड्या घालून बसतात, नवरीच्या शालूला आधी हळदी-कुंकू लागतं, मग बाकीच्या साड्या उलगडतात. चहा होतो. रुसवे होतात. पुन्हा चहा होतो. आणि शालू, शेरवानी झाली की मग खरा बस्ता सुरू होतो, तो म्हणजे नातेवाइकांचा. त्याचे दोन ढीग असतात. एक मानाचा आणि एक वाटपाचा. कोणती नणंद मानाच्या ढिगात आणि कोणती जाऊ वाटपाच्या, हे गादीवर ठरतं, हळू आवाजात. तिथं जे बोललं जातं ते बाहेर गेलं, तर या जिल्ह्यातली निम्मी लग्नं मांडवाच्या दारात मोडतील.

ते बाहेर जात नाही म्हणून तर लोक आमच्याकडं यायचे. मामांचा नियमच होता, गादीवरचं बोलणं गादीवर. कोणी आडून विचारायला आलं, "शेठजी, आमच्या व्याह्यानं कसल्या साड्या घेतल्या हो?" की मामा म्हणायचे, "कापडाच्या." बस, पुढं एक शब्द नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला मागच्या कोपऱ्यात बसवलं होतं, फॉल, परकर आणि ब्लाउजपीस विकायला. बायकांना परकर मागायला लाज वाटू नये म्हणून. पुढं नवऱ्या मुलीच मला हाका मारायला लागल्या, वहिनी तुमी दाखवा, वहिनी तुमी सांगा मला काय शोभतंय, आणि मी सरकत सरकत गादीवर आले. आवडलं म्हणू की जीव जडला म्हणू? साडीचा पदर मी हवेत उलगडायचे आणि समोरच्या पोरीचं तोंड उजळायचं. घरच्या कामात हे सुख कुठं असतं? भांडं घासलं म्हणून भांडं काही हसत नाही.

माझा नवरा खरेदीचं बघतो, सुरतेला जाऊन माल आणतो. स्वभावानं अगदी गरीब. जो शेवटी बोलला त्याचं त्याला पटतं. म्हणून मी घरात नेहमी शेवटी बोलते.

तर झालं असं की जीपा आमच्या दारात थांबेनात. पूर्वी हळदीच्या पिकाचा हंगाम आणि लगीनसराई सोबत आली की आमच्या दारात गाड्या लावायला जागा नसायची. आता त्याच जीपा फाट्यावर चहा प्यायच्या, पोरी खिडकीतून आमच्या पाटीकडं बघायच्या, पुन्हा फोनात बघायच्या, आणि जीप नांदेडच्या रस्त्याला लागायची. मामा गादीवर बसून हे बघायचे. फक्त साड्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा घालायचे, घातलेल्याच घड्या.

एक पोरगी आली होती आईसोबत. तिनं फोन पुढं केला, "अस्सा रंग दाखवा." मामांनी चष्मा वर केला, खाली केला. "बाई, ह्या फोटूला हात लावता येतो का?" ती म्हणाली, "न्हाई." "मग ह्याचं काय कवतिक?" पोरगी आईकडं बघून हसली आणि दोघी उठल्या. मला इतका राग आला की मी फॉलचं अख्खं बंडल उलटं गुंडाळलं.

त्याच सुमारास नांदेडचा एक इलेक्ट्रॉनिक सामानाचा मोठा व्यापारी आमची जागा भाड्यानं मागायला लागला. फाट्यावरची, रस्त्याला लागून असलेली जागा. मोठ्या अदबीनं यायचा, मामांच्या पाया पडायचा. मामा म्हणाले, "ही लगीनसराई बघतो. अशीच गेली तर देऊन टाकतो. गादीवर माशा मारीत बसण्यापरीस घरी भजन करावं." नवरा म्हणाला, "ते पण बराबर हाय." मी त्याच्याकडं असं बघितलं की तो सुरतेला फोन लावायला बाहेर गेला. आणि मी मागं जाऊन ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यांत तोंड घालून रडले. लाज कसली, मला ते दुकान हवं होतं. शिवण-टिपण नको, घरबसल्या पापड नको, मला ती गादी हवी होती.

जाहिरातीचं काम करणारा एक तरुण आला होता त्या दिवसांत, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉप. म्हणाला, "काका, आजकाल दुकान लोकांपर्यंत फोनातूनच पोचतं." मामांनी त्याला पाणी दिलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमी उन्हातान्हात चालत काहून आले? फोनातूनच पोचायचं की." पोरगं बिचारं चहा ठेवून गेलं. मला हसू आवरेना आणि संतापही आवरेना.

त्या संध्याकाळी मी मामांशी भांडले. भांडले म्हणजे पदर खोचून. "मामा, पोरी रंग फोनात ठरवतात आणि हात लावायला दुकानात जातात. फोनात आपण न्हाईच, तर आपल्याकडं हात लावायला कोण येणार? नांदेडच्या दुकानांत काय सोन्याचं कापड हाय का? आपल्याच सुरतेचं हाय."

"लोकायला माहीत हाय आपलं दुकान."

"ज्यायला माहीत हाय त्यायच्या पोरींची लग्नं झाली, मामा. नातींची व्हायलेत आता, आणि नातीला तुमी माहीत न्हाई."

त्यांनी हातातली घडी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "कर काय करायचं ते. पण माझं तोंड त्यात दिसलं न्हाई पायजे. आन गादीवरच्या माणसाला तकलीफ झाली न्हाई पायजे." एवढं मला पुष्कळ होतं.

माझा पहिला व्हिडिओ आठवला की आजही कानशिलं तापतात. मी बातम्या देणाऱ्या बाईसारखी उभी. "नमस्कार मैत्रिणींनो, आज आपण पाहणार आहोत..." तो बघितला माझ्या आईनं, माझ्या बहिणीनं आणि सुरतेच्या मालवाल्यानं. मालवाल्यानं अंगठाही दाखवला. नवरा म्हणाला, "आवाज चांगला आला."

दुसऱ्या खेपेला मी चिडूनच बोलले, जशी घरात बोलते तशी. "बायांनो, ही साडी घेऊ नका. रंग भारी हाय, पण धुतली की बाजूची सगळी कापडं पण हिच्याच रंगाची होत्यात. घ्यायची तर ही घ्या. ही नेसून गेलात की सासूसुदिक इचारती कुठून आणली, आणि सासूनं इचारलं म्हणजे पास." काय झालं काय माहीत, हा व्हिडिओ गावागावांत फिरला. कळमनुरीच्या बाजारात एका बाईनं मला ओळखलं. "तुमीच ना त्या, घेऊ नका म्हणणाऱ्या?"

मग मी पांढऱ्या साड्यांचा एक केला. आमच्याकडं बौद्ध लग्नांसाठी पांढऱ्या साड्या मामांच्या वडलांपासून असतात, पण त्या वरच्या फळीवर, विचारलं तर काढायच्या. मी सगळ्या खाली काढल्या. मोतिया पांढरी, दुधाळ, निळसर झाक असलेली, चंदेरी काठाची. डोंगरकडा गावची एक मुलगी, हिंगोलीला दवाखान्यात नर्स आहे, ती सगळ्या घराला घेऊन आली. म्हणाली, "ताई, पांढऱ्यात एवढं असतं हे आमाला कोणी दाखवलंच न्हाई. एक काढतेत आणि म्हणतेत, हीच हाय." तिनं निळसर झाक असलेली घेतली, बोटानं पोत बघून, उन्हात नेऊन. ती गेल्यावर मामा म्हणाले, "पोरगी पारखी हाय." व्हिडिओबद्दल अवाक्षर नाही. पण त्या फळीवर त्यांनी साड्या परत चढवल्या नाहीत, खालीच ठेवल्या.

माझ्या अंगात मग वारं शिरलं. मी म्हटलं, बस्ताच लाईव्ह दाखवू. कळमनुरीकडच्या एका गावातलं शेतकरी कुटुंब यायचं होतं. नवरीला विचारलं, ती नाचायलाच लागली. तिच्या आईवडलांना विचारलं, ते म्हणाले, "दाखवा की, लोकायला पण कळू द्या आमच्या घरचं लगीन." मामा म्हणाले, "मी मागं बसतो." आणि ते खरंच परकरांच्या फळीआड जाऊन बसले.

माझ्या नवऱ्यानं स्टुलावर फोन लावला. शालू सुरू झाला. नवरी एकेक पदर खांद्यावर घेऊन फोनकडं वळायची आणि पडद्यावर बदाम उडायचे, तिच्या मैत्रिणी लिहायच्या, हिरवा घे, हिरवा. बघणाऱ्यांचा आकडा वर चढत होता आणि माझा ऊर त्याच्याबरोबर. शेवटी हिरवाच ठरला. हळदी-कुंकू लागलं. टाळ्या झाल्या. चहा आला.

फोन चालू आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि चहा आला तसे सगळे विसरले. मीही विसरले. गादीचा गुणच तसा आहे. तिथं मांडी घातली की माणूस स्वतःच्या माजघरात असल्यासारखं बोलतं. नवरीच्या आईनं वाटपाचा ढीग पुढं ओढला. वरचीच एक साडी उचलली, तपकिरी, जाड काठाची, आणि बाजूला टाकली. "ही शिरड शहापूरला. आमच्या वन्संला. तिला काय, हळद उकडताना तर नेसायची. तिला कुठं रंगातलं कळतंय?"

एक-दोघी हसल्या. नवरीच्या बापानं चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "बराबर."

थोड्या वेळानं त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं कानाला लावला आणि लगेच कानापासून लांब धरला. शिरड शहापूरहून त्याची मोठी बहीण बोलत होती, आणि आवाज सगळ्या गादीला ऐकू येत होता. नवरीची आत्या. पाळण्यात नवरीच्या कानात जिनं नाव सांगितलं ती.

"भाऊ, मी बघून राहिले तुला. नातवाच्या फोनात. तिचं मला वाईट न्हाई वाटलं, ती परक्या घरची. पण तू बराबर म्हणला. तुला कडंवर घेऊन फिरले रे मी. लग्नाला मी येत न्हाई. ठिव."

मी झेप घालून फोन बंद केला, पण आता त्याचा काय उपयोग? नवरीची आई माझ्यावर उलटली, "हे काय मांडलंय तुमी? घर फोडायचं दुकान टाकलं का?" नवरीचा बाप उठला, चपला घातल्या आणि जीपमध्ये जाऊन बसला. मागोमाग सगळे. बस्ता न बांधता पाहुणे गादीवरून उठले, असं आमच्या दुकानात कधीच झालं नव्हतं. हळदी-कुंकू लागलेला हिरवा शालू तसाच उलगडलेला पडला होता.

मामा फळीआडून बाहेर आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. शालूची घडी घालत म्हणाले, "माझ्या बापाच्या येळेपासून ह्या गादीवरचा शब्द बाहेर गेला नव्हता. बंद करा आता. फोन बी बंद, दुकान बी बंद. नांदेडवाल्याला कळवतो."

माझी जीभ अशा वेळी गप बसेल तर ना! मी म्हटलं, "मामा, मला काय बोलायचं ते बोला. पण ती साडी फोननं न्हाई काढली. फोन नसता तर तीच साडी आत्याला मिळाली असती, आणि तिला वाटलं असतं, भावानं प्रेमानं घेतली. ते बरं होतं का?"

"व्हय," मामा म्हणाले. "तेच बरं होतं."

माणसांना एकमेकांची किंमत कळणं चांगलं की न कळणं चांगलं, मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला समजलं की मामा फोनला भीत नव्हते. त्यांनी जन्मभर लोकांची झाकली मूठ झाकून ठेवली होती, आणि ती उघडेल याची त्यांना धास्ती होती.

सकाळी मामा टोपी घालून दारात उभे. "गाडी काढा. शिरडला जायचं." मी पटकन एक चांगली पैठणी काठाची साडी पिशवीत घातली. मामांनी ती काढून ठेवली. "साडी नेली तर बाईला वाटंल, तोंड बंद करायला आले. हात हालवीत जायचं."

नवऱ्यानं गाडी चालवली, मामा पुढं, मी मागं. रस्ताभर दोन्ही बाजूंना शेतांत हळद वाळत पडलेली. आत्याचं घर शोधायला लागलं नाही, पहिल्याच माणसानं विचारलं, "फोनातल्या भांडणाच्या आत्या का?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आत्या अंगणात हळदीच्या ढिगाजवळ बसलेली, उंच, काटक, हातांची बोटं पिवळी. पाणी दिलं. चहाचं नाव काढलं नाही. मामा जमिनीवरच बसले. म्हणाले, "बाई, चूक दुकानाची झाली. पाहुण्यांची न्हाई. शिक्षा करायची तर आमाला करा, लेकराच्या लग्नाला जा."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमीच का त्या घेऊ नका म्हणणाऱ्या?"

"व्हय," मी म्हटलं.

"मी रोज बघते तुमाला. चांगलं बोलता." मग मामांना म्हणाली, "शेठजी, चूक तुमची न्हाई. इतकी वर्सं मला वाटायचं, साडी वहिनी काढती, भावाला कुठं ठावं असतं. आता कळलं, त्याला ठावं असतं. कळलं ते बरंच झालं. पण साऱ्या गावानं ऐकलं ना हो. काल सांजंला बाजारात बाया माझ्या लुगड्याकडं बघून राहिल्या." तिनं डोळे पुसले आणि गालाला हळद लागली, ते तिला कळलंही नाही. मला उठून तिला मिठी मारावीशी वाटली. पण मी बसूनच राहिले, आधीच एवढं करून ठेवलं होतं.

मग ती म्हणाली, "तुमचा तो फोन परत चालू होतो का?"

मामा दचकले. "आता कशाला बाई?"

"जिथं हलकी झाले तिथंच बसते. गादीवर. येकटी. माझ्या भावाला म्हणावं, बघ."

हो म्हणावं तर मामांचा नियम, नाही म्हणावं तर समोर ही बाई. मी मामांकडं बघितलं. ते हळदीच्या ढिगाकडं बघत होते. मग म्हणाले, "चालू होतो. तुमी या. म्या सोता दाखवतो साड्या. संगं बसतो तुमच्या." त्यावर आत्यानं आत वळून हाक मारली, "चहा टाका गं."

दुसऱ्या दिवशी आत्या नातवाच्या गाडीवर बसून आली. मामांनी नवरीच्या बापाला फोन करून एवढंच सांगितलं, "बहीण बसलीय माझ्या गादीवर. यायचं तर या, न्हाई तर बघा." नवऱ्यानं स्टुलावर फोन लावला. आणि माझे सासरे, ज्यांचं तोंड दिसायचं नव्हतं, ते कडक इस्त्रीचा सदरा घालून फोनसमोर मांडी घालून बसले. बघणाऱ्यांचा आकडा तर विचारूच नका. भांडण बघायला आपल्याकडं आमंत्रण लागत नाही.

पण भांडण झालंच नाही. मामा साडी उलगडायचे, आत्या काठ चुरगाळून बघायची. "ही नको." "काहून नको? चांगली हाय." "शेठजी, कांजी हाय हिच्यात. एका धुण्यात माकडाचं कातडं होईल." मामा हसले. फोनसमोर हसले! म्हणाले, "बराबर हाय, मी पण हेच सांगणार होतो." "मग सांगितलं काहून न्हाई?" आणि दोघांचं असं जुंपलं की पडद्यावर बदामांचा पाऊस.

शेवटी तिनं एक जांभळी साडी मांडीवर घेतली. फोनकडं बघितलं. "ही माझ्या भावजयीला. तिला जांभळा उठून दिसतो. लग्नात पण जांभळाच होता तिचा, मला याद हाय." मग नवरीसाठी एक निवडली, मोरपंखी. मामांनी विचारलं, "आन तुमाला?"

"मला ती परवाची द्या. तपकिरी."

मामांचा चेहरा पडला. "ती न्हाई देणार मी."

"काहून? इकायलाच ठिवली ना? माझ्या भावानं बराबर म्हणून निवडलीय. मी लग्नात तीच नेसते. पुढं उभी ऱ्हाते. हळद काही वाईट न्हाई शेठजी, हळदीवरच तर त्याला शिकवला मी."

हे ती चिडून बोलली नाही. साधं बोलली, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. मी गादीच्या कडेला बसून हुंदके द्यायला लागले, तेही लाईव्ह. नवरा मधूनच नाक ओढत होता.

दुपार व्हायच्या आत जीप आली. भाऊ चपला न काढताच गादीपर्यंत आला, मग भानावर येऊन मागं गेला, चपला काढल्या, आणि बहिणीच्या पायांशी बसला. "अक्का, ती साडी नेसू नको. पाया पडतो तुझ्या." भावजय दारातच उभी होती, तोंडावर पदर. आत्या म्हणाली, "ये की आत. तुझा जांभळा बघ, आवडला न्हाई तर बदलून घे, शेठजी चांगले हायत." मामांनी आधी स्वतःच्या हातानं फोन बंद केला, नीट बंद झाला का ते दोनदा मला दाखवून घेतलं, आणि मग म्हणाले, "आता बोला काय बोलायचं ते." त्या बंद फोनपुढं ते काय बोलले हे मी लिहिणार नाही. बस्ता मात्र बांधला गेला, तपकिरी साडी दुकानातच राहिली, आणि आत्याला कोणत्या ढिगातली साडी गेली हे सांगायची गरज नाही.

त्यानंतर लोक यायला लागले. सगळेच नाही. नांदेडला जाणाऱ्या जीपा अजूनही जातात, त्यांना काय कासरा लावून ओढायचं? पण आमच्याही दारात गाड्या लागायला लागल्या. आलेली माणसं विचारायची, "ते भांडणारे शेठजी कुठायत?" मामा आता व्हिडिओत असतात. तक्रारी करतात, कोणती साडी घेऊ नका ते सांगतात, खाली कोणी वाकडं लिहिलं तर मला वाचून दाखवायला लावतात आणि त्याला पुढच्या व्हिडिओत झापतात. आणि नियम एकदम कडक. शालूपर्यंत फोन. वाटपाचा ढीग पुढं आला की फोन मामांच्या खिशात.

लगीनसराई संपता संपता नांदेडचा व्यापारी आला. पाया पडला, पेढे ठेवले. "शेठजी, मग काय ठरलं?"

मी मागं परकर मोजत होते. म्हणजे हातात परकर होते, लक्ष सगळं पुढं. मामांनी हाक मारली, "इकडं ये गं." मी गेले. ते त्या माणसाला म्हणाले, "हिला इचारा."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग मामांकडं. "तुमी सांगा ना शेठजी. मालक तुमी."

"मी व्हतो," मामा म्हणाले. "आता दुकान हिचं हाय. द्यायचं का न्हाई, ती सांगंल."

घरात नेहमी शेवटी बोलणारी मी. इथं पहिला शब्द माझा हवा होता. नवरा दारात उभा होता, तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. मामा गादीवरच्या साडीची घडी घालत होते, मान वर न करता, आणि वाट बघत होते.

"न्हाई द्यायचं," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की त्या माणसानं पुन्हा विचारलं, "काय म्हणाल्या?"

मग मात्र मी मोठ्यांदा सांगितलं.